खंडेनवमीआधी कॉम्प्युटरही आवरून घ्या

घट बसायच्या आधी घर आवरायचं हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. माळे रिकामे होतात, पंख्यांची पाती पुसली जातात, गाद्या-गोधड्या उन्हात पडतात. टेबलाखालच्या कॉम्प्युटरला मात्र फार तर वरून एक फडकं मिळतं. मग खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला त्याच कॅबिनेटला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि आत दोन-तीन वर्षांची धूळ तशीच बसलेली असते. पूजेला माझी काहीच हरकत नाही. पण शस्त्र आधी घासूनपुसून घ्यायचं आणि मग पुजायचं, ही रीतही जुनीच आहे.

धूळ नुसती घाण दिसते म्हणून काढायची नसते. डेस्कटॉपचे पंखे साधारणपणे समोरून हवा आत ओढतात आणि मागून बाहेर टाकतात. त्या हवेबरोबर रस्त्यावरची माती, गादीतला कापूस, केस, उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकट वाफारासुद्धा आत जातो. प्रोसेसरवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो, तो हीटसिंक. त्याच्या फटींत हे सगळं अडकतं आणि तेलामुळे चिकटून त्याची गोधडी होते. हवा जाईनाशी झाली की प्रोसेसर तापतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात, आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे बिलं करता करता कॉम्प्युटर अडखळायला लागतो, पंखा घोंघावतो, आणि मे महिन्यात ऐन दुपारी सगळं आपोआप काळं होतं. अशा वेळी ‘व्हायरस आलाय’ म्हणून विंडोज नव्याने टाकून घेणारे पुष्कळ. पैसे जातात, कधी फोटोही जातात, धूळ जागच्या जागी राहते. फॉरमॅटचा विचार करण्याआधी कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून बघावं.

पावसाळा सरल्यावरचे दिवस या कामाला चांगले. हवा कोरडी असते, ओलं झालेलं लवकर वाळतं. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यानंतरची ही सफाई चुकवूच नये, कारण दमट खारी हवा धुळीत मुरली की धातूचे संपर्क गंजतात. घर हमरस्त्यावर असेल, घरात कुत्रं-मांजर असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर वर्षातून दोनदा. एरवी एकदा पुरे. सारखं सारखं उघडणंही बरं नाही.

सामान फारसं लागत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारा इंच-दीड इंचाचा मऊ, नवा ब्रश, जुना पण स्वच्छ टूथब्रश, मायक्रोफायबरची दोन फडकी, कापूस लावलेल्या काड्या, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि नाकाला मास्क. ओल्या कामासाठी दोनच द्रव ठेवा: डिस्टिल्ड वॉटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार वाळल्यावर पांढरे डाग ठेवून जातो. अल्कोहोल पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. कोविडपासून कपाटात पडून असलेलं हँड सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही. त्यात ग्लिसरीन असतं, वास असतो, आणि मागे चिकट थर राहतो. अल्कोहोल पटकन पेट घेतं हेही ध्यानात असू द्या. देवघरात अखंड दिवा तेवत असेल तर हे काम दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून करा.

सुरुवातीला महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ठेवा. मशीन वॉरंटीत असेल आणि झाकणावर सील असेल तर ते फोडण्याआधी दुकानदाराला विचारा.

आता वीज. आपल्याकडे सर्वात मोठी गफलत इथेच होते, आणि ती यूपीएसमुळे. भिंतीवरचं बटण बंद केलं, अगदी पिन काढली, तरी यूपीएस चालू असेल तर तो बॅटरीवरून कॉम्प्युटरला २३० व्होल्ट देतच राहतो. त्याचं काम तेच आहे. म्हणून आधी कॉम्प्युटर रीतसर शटडाऊन करा, मग यूपीएसचं बटण बंद करा, मग भिंतीवरचं, आणि शेवटी कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल हाताने ओढून काढा. केबल हातात आली म्हणजेच वीज गेली असं समजायचं. त्यानंतर कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा; मदरबोर्डवर उरलेला थोडाफार चार्ज त्याने निघून जातो. बाकीच्या वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. ऑडिओच्या हिरव्या-गुलाबी पिना आणि मॉनिटरची केबल कुठली कुठे होती हे नंतर आठवत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर मॉनिटरची केबल चुकीच्या जागी खोचून ‘डिस्प्ले गेला’ म्हणून बसणारे कमी नाहीत.

कॅबिनेट गॅलरीत किंवा अंगणात न्या. घरात झटकलेली धूळ पुन्हा घरातच बसते, आणि दमा असलेल्या माणसाला ती सोसत नाही.

झाकण काढल्यावर काहीही हाताळण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, आणि मधूनमधून लावत राहा. अंगातली स्थिर वीज त्याने उतरते. आपल्याला झटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट तरी लागतात. चिप त्याच्या कितीतरी खालीच बिघडू शकते, आणि आपल्याला कळतही नाही. पावसाळी हवेत हा धोका कमी, कोरड्या थंडीत जास्त. नायलॉनची ओढणी, लोकरीचा स्वेटर, पायाखाली गालिचा, हे त्या दिवसापुरतं नको. सुती कपडे, साधी फरशी.

मग ब्रश. वरून खाली, हलक्या हाताने. पंख्यांची पाती पुसताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. ब्लोअर मारणार असाल तर हे दुप्पट लागू. दुरुस्तीवाले वापरतात तो विजेवरचा ब्लोअर चांगला, पण त्याच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या किती तरी पट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. तो भन्नाट आवाज ऐकायला मजा वाटते, पण पुढे तोच पंखा कुरकुरायला लागतो. ब्लोअर पहिल्यांदा बाजूला हवेत मारून घ्या, त्याच्याच नळीत साठलेला कचरा निघून जाईल. मग फूटभर अंतरावरून, थांबून थांबून. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर कॅबिनेट नेऊन साफ करण्याची एक पद्धत आहे, ती मला मुळीच पसंत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेल साठतं, ते हवेबरोबर थेट मदरबोर्डवर उडतं. डबाबंद हवेचा स्प्रे मिळाला तर तो उभाच धरायचा. तिरका केला की आतला द्रव बर्फासारखा गार होऊन बाहेर येतो, आणि त्यातला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या जाळीसाठी ठीक. आत नको, त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर वीज तयार होते. हेअर ड्रायर तर नकोच.

हीटसिंकवरचा पंखा स्क्रूने किंवा क्लिपने सुटत असेल तर तेवढाच काढा. खालची गोधडी तेव्हाच दिसते. टूथब्रशने पट्ट्यांच्या दिशेने झाडा, आडवं घासू नका, पट्ट्या वाकतात. हीटसिंक मात्र उगाच उपटू नका. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये थर्मल पेस्ट असते. एकदा तो काढला की जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून मटाराच्या लहान दाण्याएवढी नवी लावावीच लागते. शिवाय काही जुन्या एएमडी प्रोसेसरांच्या बाबतीत वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला चिकटूनच सॉकेटमधून बाहेर येतो आणि त्याच्या बारीक पिना वाकतात. हे काम शिकलेल्या माणसाकडे द्यावं.

रॅमबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सफाईनंतर येणाऱ्या तक्रारींतली मोठी तक्रार तिथली असते: ‘पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी.’ नुसता ब्रश फिरवतानासुद्धा रॅमची पट्टी केसभर हलू शकते. दोन्ही टोकांची पांढरी किंवा काळी क्लिप मागे केली की पट्टी सुटते (काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते). पट्टी कडांना धरा, सोनेरी दात बोटांनी शिवू नका. दातांवर काळपटपणा असेल तर पांढरं, मऊ खोडरबर एकाच दिशेने दोन-तीनदा हलकं फिरवा. रस्त्यावरच्या मेकॅनिकची ही युक्ती खरी आहे, फक्त शाईचं खरखरीत निळं रबर वापरू नका आणि भुगा ब्रशने पूर्ण झाडा. परत बसवताना पट्टीच्या खाचेची जागा आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. खाच मधोमध नसते, त्यामुळे पट्टी एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर उलटी धरली आहे, जोर लावू नका. दोन्ही टोकं अंगठ्याने सरळ खाली दाबली की क्लिप स्वतःहून ‘टक्’ करून बंद होते. तो आवाज आला नाही तर ती बसलेली नाही.

एसएमपीएस, म्हणजे मागच्या केबलची वीज घेणारा तो धातूचा डबा, कधीच उघडायचा नाही. केबल काढल्यावरसुद्धा त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब काही काळ राहू शकतो. बाहेरच्या जाळीवरून ब्रश, एखादा हलका झोत, बस्स. जुन्या काचेच्या फुगीर मॉनिटरलाही तोच नियम. त्यात तर हजारो व्होल्टचा मामला असतो. काही कार्यालयांत नि शाळांत असे मॉनिटर अजून कोपऱ्यात पडलेले असतात, त्यांच्यावर प्रयोग करू नका. हार्डडिस्कही उघडायची वस्तू नव्हे. कॅबिनेट उचलता-ठेवताना तेवढी आदळू नका.

मागच्या बाजूला न वापरलेल्या स्लॉटच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्यातली एखादी हरवलेली असली की तिथून पाली, झुरळं, कधी उंदरांची पिल्लंसुद्धा आत जातात. ऊब त्यांनाही हवी असते. पालीच्या लेंड्या आणि झुरळांचं जे काही सापडेल ते हातमोजे घालून, कोरड्या ब्रशने काढा, मग अल्कोहोलची काडी फिरवा. कीटकनाशकाचा स्प्रे कॅबिनेटच्या आत मारायचा नाही. त्याचा चिकट थर बोर्डावर बसतो, आणि बऱ्याच स्प्रेंमधला वायू पेट घेणारा असतो. हरवलेली पट्टी अगदी स्वस्त वस्तू आहे, ती आणून बसवा.

उघडलंच आहे तर मदरबोर्डवरची चपटी गोल बॅटरी बघून ठेवा, सीआर २०३२. कॉम्प्युटर सुरू केल्यावर तारीख दर वेळी मागेच जात असेल तर ती संपली आहे.

मॉनिटरचं तंत्र वेगळं आहे: तिथे घाई आणि जोर हे मोठे शत्रू. बंद करून गार होऊ द्या. काळ्या पडद्यावर धूळही नीट दिसते. आधी कोरडं मायक्रोफायबर, वरून खाली. बोटांचे ठसे तेवढ्याने गेले नाहीत तर फडक्याचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करून पुसा, लगेच कोरडा कोपरा फिरवा. काचा पुसायचं द्रव वापरू नका. त्यातला अमोनिया किंवा अल्कोहोल पडद्यावरचा चमक रोखणारा थर खराब करतो. आरसा पुसतो तसा वर्तमानपत्राचा बोळा किंवा टिश्यू पेपरही नको, त्याने बारीक चरे पडतात. पडद्यावर थेट फवारा मारणं सर्वात वाईट. थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतो आणि तिथलंच सर्किट जातं.

कीबोर्ड हे घरातलं बहुधा सर्वात घाण यंत्र. चिवड्याचे शेंगदाणे, नखं, केस, खोडरबराचा भुगा, आणि दसरा होऊन गेला असेल तर कुंकू. केबल काढा (वायरलेस असेल तर सेल), उलटा करा, पाठीवर थापट्या द्या. मग फटींतून ब्रश. बटणं काढता येतात असा मेकॅनिकल कीबोर्ड असेल तर आधी फोटो काढा आणि बटणं सरळ वर ओढा. स्पेसबार आणि एंटरखाली तारेची चौकट असते, ती निघाली की बसवताना पाऊण तास जातो. ती दोन शक्यतो जागेवरच राहू द्या. काढलेली बटणं कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्टची देवनागरी स्टिकर्स चिकटवलेली असतील तर मात्र पाणीही नको आणि अल्कोहोलही. गोंद सुटतो, छपाई पुसट होते. तिथे किंचित ओलसर फडकं पुरे. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर कुठल्याच बटणाला लावू नका.

चहा सांडला तर? कीबोर्डची केबल त्याच क्षणी ओढा, मग टेबलाचं काय ते बघा. उलटा करून निथळू द्या. साखरेचा चहा वाळला की बटणं चिकटतात, म्हणून मागचे स्क्रू काढून आतले प्लॅस्टिकचे पारदर्शक पडदे ओलसर फडक्याने पुसावेत आणि दोन दिवस सावलीत वाळवावेत. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय सोडून द्या, त्याने फक्त कोंडा आत जातो. आणि साधा कीबोर्ड असेल तर त्यामागे अर्धा दिवस घालवण्यापेक्षा नवा आणावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

पूजेचंही इथेच सांगून टाकतो. हळदकुंकवाचं बोट कॅबिनेटच्या समोरच्या किंवा बाजूच्या सपाट भागाला लावा, वरच्या जाळीला नको. पाणी शिंपडू नका. ओलं फूल जाळीवर ठेवू नका, पाकळ्या आत जातात. निरांजन आणि कापूर जरा लांबूनच. आणि पूजा होईपर्यंत मशीन बंदच असू द्या.

माउसच्या पोटाला जी लहान खाच असते, त्यातला एक केससुद्धा कर्सरला नाचवतो. कोरडी कापसाची काडी फिरवा. पायांखालच्या गुळगुळीत पट्ट्यांवरचा काळा मळ दात कोरायच्या लाकडी काडीने निघतो. हेडफोनच्या कानाच्या गाद्या अल्कोहोलने पुसू नका, रेक्झीन तडकतं. वेबकॅमच्या काचेला चष्म्याचं फडकं. कापडी माउसपॅड साबणाने धुवा.

प्रिंटर वेगळ्या जातीचा प्राणी आहे. लेझर प्रिंटरमधली टोनरची पूड म्हणजे अतिशय बारीक दळलेलं प्लॅस्टिक. सांडली तर ब्लोअर नको आणि घरचा व्हॅक्यूमही नको, त्याच्या फिल्टरमधून ती पुन्हा हवेत येते. गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या. गरम पाण्याने ती वितळून चिकटते. नुकतं छापून झालं असेल तर अर्धा तास थांबा, आतला फ्यूझर चांगलाच भाजतो. काट्रिज बाहेर काढलं तर त्याचा हिरवा-निळा ड्रम उजेडात ठेवू नका, बोट लावू नका. शाईच्या प्रिंटरचं हेड स्वतः पुसायला जाऊ नका. सॉफ्टवेअरमधलं हेड क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा चालवा. प्रत्येक वेळी त्यात शाई जाते. कागद ओढला जात नसेल तर रबरी रोलर ओलसर फडक्याने पुसा, बऱ्याचदा तेवढंच कारण असतं.

यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाहेरूनच, कोरड्या ब्रशने. बोर्डाचं एखादं भोक काळं पडलेलं किंवा पिन सैल बसणारी दिसली तर तो बोर्ड साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

सगळं वाळलंय याची खात्री झाल्यावर जोडाजोड करा, पण झाकण लगेच लावू नका. चालू करून सगळे पंखे फिरतात ना, एखादी वायर पात्याला घासत नाही ना, हे न शिवता बघा. बीप वाजत राहिली किंवा स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा सगळी वीज काढा आणि रॅम दाबून बसवा. चालू झाला की बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) प्रोसेसरचं तापमान दिसतं. सफाईआधीचा आकडा टिपून ठेवला असेल तर फरक तिथेच कळतो. मग कॅबिनेट जमिनीवरून थोडं उंच, भिंतीपासून निदान वीतभर पुढे ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. आणि एवढं करूनही तापमान उतरलं नाही, तर थर्मल पेस्ट वाळली असेल किंवा पंखा थकला असेल. नव्या पंख्यासाठी दुकानात जाताना जुन्याची रुंदी मोजून न्या. कॅबिनेटचे पंखे बहुधा ८० किंवा १२० मिलिमीटरचे असतात.